पाक करपला त्या दिवशी

आबा, आज शाळेत एक पोरगी माझ्या हाताला कडकडून चावली. चौथीतली आहे, फिट येते तिला. गोळीनं पेंगते, मधेच भडकते, डबा भिरकावते, मग कोपऱ्यात हमसून रडते. सणसवाडीतली आमची शाळा, कारखान्यातल्या कामगारांची पोरं. तिची आई हात जोडून म्हणाली, "बाई, मुद्दाम न्हाई करत हो ती." तिची पाठ वळताच शिक्षकांच्या खोलीत सगळ्या म्हणाल्या, सोंगं आहेत. तुमच्यासारखं ठणकावून बोलायचं होतं. बोलवेना.

राहू गावच्या गुऱ्हाळावर तुम्ही गुळव्या. पाकाचा थेंब पाण्यात बघून तुम्ही "उतरवा" म्हणाल्याशिवाय चुलवणावरची काहील हलवायची कुणाची टाप नव्हती. आणि मी तुमची फिट येणारी, तापट कार्टी. फिट येऊन गेली की मला काहीच आठवायचं नाही. नाकाशी कुणाचीतरी चप्पल, अंगाखाली माती, आणि पोरं लांब उभी. त्या लांब उभं राहण्याचा एवढा संताप व्हायचा, की हाताला लागेल ते फेकायचे. आत्या म्हणायची, "सोंगं हायेत पोरीची." तुम्ही तडकायचात, "माझी पोर सोंग करत न्हाई. पुन्यांदा बोलू नगंस."

मग एक दिवस आत्याची पोरगी सगळ्यांना म्हणाली, हिच्याजवळ बसू नका, हिचा रोग लागंल. मी तिच्या कपाळात दगड घातला. रक्त बघून तुम्ही काहिलीपासून उठलात, माझ्यावर पहिल्यांदाच हात उगारलात. "लई झालं तुझं! आता न्हाई व्हत माझ्याच्यानं!" मी धाडकन पडले. तुम्ही मला मांडीवर घेतलंत. "चुकलं गं बाय, चुकलं माझं," म्हणत पोरासारखे रडलात. मागनं माणसं ओरडतायत, "आबा, पाक! पाक चालला!" तुम्ही मान वळवत नाही. अख्खी काहील करपली. दुसऱ्याच दिवशी मालकानं नवा गुळव्या आणला, आणि तुम्ही शेवटपर्यंत चरकाला ऊस लावत राहिलात. मला एका शब्दानं बोलला नाहीत. बोलायला हवं होतं हो.

त्या दिवसाचं मला सगळं आठवतंय. तुमच्या सदऱ्याला येणारा मळीचा वास, माझ्या गालावर पडलेलं तुमचं पाणी. फिट आली असती तर यातलं काही आठवलं असतं का? आलीच नव्हती, आबा. तुम्हीसुद्धा आता मला टाकणार, या भीतीनं पडले होते.

उद्या त्या बायांना सांगणार आहे, पोर सोंग करत नाही. आणि केलंच कधी, तर का करावं लागतं ते मला विचारा. हे मात्र नुसतं लिहून ठेवतेय. तुम्ही गेलात तिथला पत्ता असता, तरी पाठवायची माझी छाती झाली नसती.