एका कपाटातली दोघांची पुस्तके

मी, खाली सही करणारी, रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागातून निवृत्त झालेली, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र राहत्या घरी, स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, फुप्फुसे नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

१. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावे. ती औषधांच्या दुकानात काम करते. बँकेतली शिल्लक माझ्या पतींच्या शुश्रूषागृहातल्या खर्चासाठी राखावी. व्यवहार भाचीनेच पाहावा.

थोरल्या दिरांना काहीही देऊ नये. माझ्या मुलीच्या अंत्यविधीहून परतताना, जिन्यात, मला ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले होते की आईच्या पुस्तकांनीच पोरीचा घात केला. अजूनही त्यांना तसेच वाटत असेल, तर या घरातली वस्तू त्यांनाही नकोच असेल.

२. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. फुप्फुसे विद्यार्थ्यांच्या कामी येतील.

३. बाहेरच्या खोलीतले पुस्तकांचे कपाट. वरचे दोन कप्पे माझे: पेशी, जंतू, तारे. खालचे दोन पतींचे: प्रार्थना, भक्तांची चरित्रे, मरणानंतरच्या प्रवासाची वर्णने. ते म्हणत, तुझ्या पुस्तकांत सगळे कसे झाले ते आहे, कशासाठी ते नाही. मी म्हणे, तुमच्यात कशासाठी ते आहे, पण पुरावा मेल्यावर मिळणार. जेवण निवेपर्यंत वाद चाले. आमची मुलगी, तिला आम्ही ठिपकी म्हणत असू, चारही कप्प्यांतले वाची आणि कुणाचीच बाजू घेत नसे.

ती नऊ वर्षांची असताना तिच्या रक्ताची काच माझ्याच टेबलावर आली. सूक्ष्मदर्शकातून पाहिले, आणि डॉक्टरांना विचारण्यासारखे काही उरले नाही.

उपचार झाले, प्रार्थनाही झाल्या. एका दुपारी तिने दोघांना समोर बसवून विचारले, "मी मेल्यावर कुठे जाणार?"

वडील म्हणाले, "देवाजवळ."

मी म्हणाले, "मला माहीत नाही, बाळा."

मग तिने स्वतःच एक गोष्ट रचायला घेतली. एका गावातल्या शिपायांना वेड लागते आणि ते आपल्याच माणसांना पकडून कोंडू लागतात. राजा दूर गेला आहे, त्याला निरोप पोहोचत नाही. शिपाई माझ्या पुस्तकांतल्या पांढऱ्या पेशींवरून आले होते, राजा वडिलांच्या देवावरून. निरोप का पोहोचत नव्हता, ते तिचे स्वतःचे. रोज थोडी थोडी सांगत असे. आम्ही पलंगाच्या दोन बाजूंना बसून ऐकत असू. शेवटी निरोप पोहोचला, आणि राजा वाटेत असतानाच ती गेली.

पुढे मी माणसाच्या कल्पनाशक्तीवरची पुस्तके मिळतील तेवढी वाचली. एकात ती मेंदूच्या कोणत्या भागात असते ते होते, दुसऱ्यात ती देवाचा श्वास आहे असे होते. दोन्ही पटली नाहीत, दोन्ही टाकवलीही नाहीत. मरणाला टेकलेले मूल गोष्टीत पुढे काय करायचे याचा विचार करत पडून राहते, हे कोणत्याच पुस्तकात सापडले नाही.

ती गेल्यावर महिन्याभरात पतींनी माझे दोन्ही कप्पे रद्दीत घातले. मी कामावरून आले तो फळ्या मोकळ्या. "मला बघवत नव्हतं," एवढेच म्हणाले. मी बोलणे टाकले. नंतर एकेक पुस्तक पुन्हा जमवले. पहिले आणले तेव्हा फळी त्यांनीच पुसून दिली. तरीही ही तक्रार मी मागे घेत नाही, इथे नोंदवून ठेवते.

सर्व पुस्तके भाचीला द्यावीत. वरची आणि खालची वेगळी करू नयेत.

४. पतींची स्मृती गेली आहे. मी शुश्रूषागृहात जाऊन त्यांना त्यांचीच पुस्तके वाचून दाखवते. मी संस्थेने पाठवलेली बाई आहे असे ते समजतात. एकदा हळूच म्हणाले, "बाई, माझ्या बायकोसाठी काहीतरी मागा. देव मानत नाही ती. पण मनाने सरळ आहे."

मी "मागते" म्हटले.

माझ्यामागे हे वाचन भाचीने चालवावे. ती मला म्हणाली, "मावशी, माझा विश्वास नाही, मी कशी वाचू?"

"माझा तरी कुठे आहे? त्यांना आवाज लागतो, मत लागत नाही."

५. तिथल्या एका नव्या परिचारिकेने, त्यांनी विचारले म्हणून, ठिपकी गेल्याचे त्यांना सांगितले. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकले. घास तसाच हातात राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारले, तिने पुन्हा सांगितले. तिसऱ्या दिवशी मी तिथे होते, म्हणून ते सांगणे थांबले.

तरी मुलगी कुठे आहे असे विचारल्यास, शाळेत आहे, असे सांगावे. बायकोबद्दल विचारल्यास, घरी पुस्तक वाचत बसल्या आहेत, एवढे प्रकरण संपले की येतील, असे सांगावे.

नोकरीभर मी काचेवर दिसले तेवढेच लिहिले. वरील खोटे विधान मी पूर्ण शुद्धीत, दोन साक्षीदारांसमोर लिहून देत आहे, आणि माझ्या पतींच्या हयातीपर्यंत ते खरे धरण्यात यावे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार, आमच्यासमोर वाचून सही केली:
१. शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
२. तळमजल्यावरचे शिंपी (सही)

स्थळ: राहते घर, दुसरा मजला
दिनांक: सहीखाली हाताने घातला आहे