हानायेचे पाच वाडगे

शिकागो, ऑक्टोबर १९५६

तीर्थस्वरूप मासुएताईंस,

तोकुजीचा वाकून नमस्कार. (वाकणं मनातल्या मनात. कंबर मागच्या हिवाळ्यात जी धरली आहे ती अजून सोडायला तयार नाही.) आपल्या रीतीप्रमाणे आधी ऋतूचं बोललं पाहिजे. तर झाडं लाल झाली आहेत, आणि माझं नाक झाडांच्याही पुढे आहे. तुमचा दमा कसा आहे? जावईबापूंचा ट्रक चालतो, की अजून सगळे मिळून ढकलता?

तुम्ही लिहिलंत, धाकटी बहीण गेली म्हणून तिच्या नवऱ्याला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही, तिथे एकटे भिंतींशी काय बोलता, फ्रेस्नोला या, इथे आपली माणसं आहेत, पटावर बसायला चार म्हातारे आहेत. ताई, तुमचा गैरसमज झालाय. मला वेळ कुठे आहे? माझ्याकडे सध्या माणसांची रीघ लागली आहे. आणि युद्धात आपल्याला जपानी म्हणून डांबलं होतं, त्या छावणीतून सोडताना साहेबाने काय बजावलं होतं, आठवतं ना? आपापल्यात घोळका करून राहू नका, गोऱ्या वस्तीत पांगा, तिघांच्या वर एकत्र दिसू नका. तो हुकूम माझ्याइतका तंतोतंत पाळणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडायचा नाही. मी तर एकाच्या वर कधी दिसतच नाही.

रीघ कशी लागली ते सांगतो, पण त्यासाठी आठ वर्षं मागे जावं लागेल. (थोडा धीर धरा, म्हाताऱ्याचं बोलणं आणि म्हाताऱ्याची चाल सारखीच.) आम्ही या घरात आलो तेव्हा हानायेने आपल्या रिवाजाप्रमाणे सोब्याच्या शेवया केल्या. नव्याने राहायला आलेल्याने दोन बाजूची दोन आणि समोरची तीन घरं तोंडओळख करून घ्यावीत, असं तिला तुमच्या आईने शिकवलेलं, आणि वाडगेही आईनेच दिलेले, निळ्या लाटांचे. मी म्हटलं, 'अगं, इथे आपल्या नावाने दारं लावून घेतात, कशाला ही हौस?' पण ती तुमचीच बहीण. ऐकते थोडीच! पहिल्या घरात म्हणाले, आम्ही काही मागवलेलं नाही. दुसऱ्यात भाव विचारला. तिसऱ्या घरातल्या वोयचिकने आमच्यासमोर वाडगा कुत्र्यापुढे ठेवला. (कुत्र्याने मात्र चाटूनपुसून साफ केला. गल्लीतला पहिला सभ्य शेजारी तोच.) चौथ्या घराचं मी सांगत नाही. डावीकडच्या डोनेलीबाईंनी वाडगा घेतला, 'ठीक आहे' म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. पाचातला एकही वाडगा परत आला नाही. त्यानंतर दाराची घंटा वाजली की हानाये पदार्थ गॅसवर टाकून धावायची, 'वाडगा आला असेल!' पण यायचा तो मीटर वाचणारा. ताई, शेवटच्या आजारातही घंटा वाजली की ती मान वळवून दाराकडे बघायची. मला त्या घंटेचा फार राग येतो.

तर असं हे घर. आणि गेल्या महिन्यातल्या एका रविवारी घंटा वाजली, दारात वोयचिक आणि गल्लीतल्याच लिंडग्रेनबाई, हातात भलामोठा केक! 'ओनिशीसाहेब, आत येऊ का?' साहेब! आठ वर्षं मला नावच नव्हतं, आणि सुरुवातीला जे होतं ते लिहिण्यासारखं नाही. मी इतका गडबडलो की चहाऐवजी आधी घरात घालायच्या चपलाच पुढे केल्या. बसले, खाल्लं, माझ्या शेवंतीचं कौतुक केलं. म्हणाले, तुम्ही लोक किती नेटके, किती शांत, तुमची मुलं किती शिकतात. (आमचं मूलबाळ झालं नाही, पण मी कौतुक परत केलं नाही. मिळतंय ते घ्यावं.) 'तुम्ही म्हणजे आता आमच्यातलेच,' वोयचिक म्हणाला. केकच्या दुसऱ्या तुकड्याला त्याने हेही सांगितलं, की त्याच्या बापाला पोलिश म्हणून याच गल्लीत आयरिश लोकांनी घर दिलं नव्हतं. तिसऱ्या तुकड्याला खिशातून कागद काढला. डोनेलीबाई घर विकून लेकीकडे गेल्या होत्या, आणि घेणारं कुटुंब काळं होतं. ते येऊ नये म्हणून सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. सगळ्यांच्या म्हणजे माझीसुद्धा.

ताई, आता तुम्ही मला चार शब्द सुनावणार. सुनावा. पण त्या खोलीत हानायेनंतर पहिल्यांदाच माणसं बसली होती. खुर्च्यांवर माणसं! मी म्हटलं, आमच्यात शिक्क्याशिवाय सही धरत नाहीत, आणि शिक्का कुठे गेला सापडत नाही. (शिक्का वस्तऱ्याच्या खणात आहे, जिथे असतो तिथेच.) वोयचिक म्हणाला, शोधा, आम्ही पुढच्या रविवारी येतो. आणि आले, सफरचंदाचा केक घेऊन! मी म्हटलं, अजून शोधतोय. मग पुन्हा आले, या खेपेला बदामाचा. मी आठवडाभर घर झाडायचो, बिस्किटं आणायचो, दाढी करायचो. इतकं गोड मी जन्मात खाल्लं नव्हतं, आणि खरं सांगतो, एकही केक घशाखाली सुखाने उतरला नाही.

शेवटी ते आले तेव्हा शेजारी सामानाचा ट्रक येऊन थांबला होता. वोयचिक म्हणाला, 'ओनिशीसाहेब, आता नखरे पुरे.' मी चष्मा लावून कागद वाचला आणि म्हटलं, 'यातलं "काळे" काढून "जपानी" घातलं तर हा मी आलो तेव्हाचाच कागद आहे. तोही तुम्हीच काढला होतात ना?'

तो म्हणाला, 'तेव्हा आम्ही तुम्हाला ओळखत नव्हतो हो.'

'मग यांना ओळखता?'

लिंडग्रेनबाईंनी उरलेला केक उचलला, ताटासकट. (निम्मा शिल्लक होता, याही खेपेला बदामाचाच.) ते गेल्यावर मी खुर्च्या जागेवर ठेवल्याच नाहीत. अजून तशाच आहेत, एकमेकींकडे तोंड करून.

नवे शेजारी टॉलिव्हर म्हणून आहेत, मिसिसिपीकडचे. आता माझी अडचण बघा. आपल्या रीतीने नव्या माणसाने आधी यायचं, म्हणून मी चहा तयार ठेवून खिडकीत बसलो. त्या बाई त्यांच्या खिडकीत. मग कळलं, इथल्या रीतीने जुन्या माणसाने आधी जायचं असतं. म्हणजे त्या माझी वाट बघतायत, मी त्यांची, आणि चहा रोज मोरीत ओततोय. वयाने मोठा मी, राहून जुना मी, मी कसा जाऊ? आणि गेलो, आणि त्यांनीही दार लावून घेतलं तर? ते मला आता झेपणार नाही, ताई. त्यापेक्षा फ्रेस्नोचे चार म्हातारे परवडले. तेव्हा या महिनाअखेरीस सामान बांधतो. पटावर मी रडीचा डाव खेळतो, त्यांना आधीच सांगून ठेवा.

तुमचा मेहुणा,
तोकुजी

ता. क. शेवंतीची कुंडी बसमध्ये घेऊ देतात का, ते चौकशी करून कळवा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फाडलं. घंटा वाजली होती. मीटरवाला समजून मी आरामात गेलो, तर दारात टॉलिव्हरबाई. हातात निळ्या लाटांचा वाडगा! डोनेलीबाईंच्या तळघरातल्या फळीवर सापडला म्हणाल्या, खाली जपानी अक्षरं दिसली, तुमचाच असणार. मी वर झाकलेली बशी काढली तर आत पीचच्या फोडींचा गरम, गोड पोळीसारखा काहीतरी पदार्थ. मी बघतच राहिलो तशा त्या ओशाळून म्हणाल्या, 'आमची आई सांगायची, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये.' दार उघडं ठेवून मी तसाच उभा.

ता. क. तिसरा, आणि मुद्द्याचा. वाडगा माझाच, तेव्हा हिशेब मिटला म्हणून मी निवांत होतो. पण झाकायला जी बशी होती ती त्यांची आहे. तेव्हा मी येत नाही. हानाये शेवयांच्या रश्शात काय घालायची ते उलट टपाली कळवा, बशी टेबलावर रिकामी पडली आहे.