यल्लव्वाला कुणी विचारत नाही

बसवनगुडी,
रविवार, दुपार

प्रिय अनुषा,

फोन करता आला असता. पण फोनवर आपण दोघी एकमेकींना इतकं जपून बोलतो की शेवटी गाडी "जेवलात का" आणि "औषध घेतलंत का" यावर येऊन थांबते. म्हणून कागद घेतलाय. अक्षराला हसू नकोस. माझी सगळी शाळा कन्नडात झाली. मराठी अक्षरं अप्पांनी घरी पाटीवर गिरवून घेतली, तेवढीच भांडवलाला. यातलं बरंचसं तुला माहीत आहे. पण माझ्या बाजूने ते मी तुला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगायला हवं असं वाटतं.

तू लग्न होऊन या घरात आलीस तेव्हा तुला वाटलं असणार, सासू तुसडी आहे. तीन वर्षं मी तुझ्याशी मोजकंच बोलले. त्याचं कारण तू नव्हतीस. एकोणीस वर्षांची असताना मी मावशीच्या मुलीच्या लग्नाला पुण्याला गेले होते. पंगतीत वाढणाऱ्याला म्हटलं, "स्वल्प भात घाला, साकु." थोडा आणि पुरे, दोन्ही शब्द तोंडून कन्नडातले निघाले. सगळी पंगत हसली. पुढे दोन दिवस तिथल्या मुली मला कोपऱ्यात घेऊन एकेक वाक्य बोलायला लावत होत्या. "पुन्हा म्हण ना, पुन्हा म्हण ना." त्यांच्या मनात वाईट नसेल, पण मी परतीच्या गाडीत ठरवून टाकलं की तिकडच्या माणसांसमोर आपण तोंड उघडायचं नाही. आमचे पूर्वज इथे येऊन साडेतीनशे वर्षं झाली. आमची मराठी इथेच वाढली, इथलं पाणी प्यायली. घरात ती मला गोड वाटायची, बाहेर लाज वाटायची. आणि माझ्या रविकिरणने नेमकी पुण्याची मुलगी पसंत केली! तू "आई, काही मदत करू?" म्हणायचीस आणि मी "नको" म्हणून आत जायचे, कारण "नको" या शब्दात चुकण्यासारखं काही नव्हतं.

मग तू आणि रघुनंदन ते नाटक घेऊन बसलात. तुझ्याच ऑफिसातला, राजाजीनगरच्या कापडदुकानवाल्यांचा मुलगा, एवढीच मला त्याची माहिती. मोबाइलवर ऐकायचं नाटक, हे मला आधी समजेना. तू समजावलंस की खऱ्या गुन्ह्यांच्या गोष्टी घोगऱ्या आवाजात सांगणारे कार्यक्रम असतात, त्यांची ही थट्टा. दोन पॉडकास्टवाले, एक बाई आणि एक बुवा, बसवनगुडीत खोली घेऊन राहतात आणि त्यांना जिथे तिथे खून दिसतो. कुणाचा वाटणाचा दगडी रगडा हरवला की ते म्हणणार, हेच हत्यार. कुणी चार दिवस दिसलं नाही की म्हणणार, पुरलं असेल. आणि त्यांची घरमालकीण यल्लव्वा हिला पहिल्या मिनिटापासून खरं काय ते ठाऊक असतं, पण तिला कुणी विचारतच नाही. शेवटी दमून ते तिच्याकडे कॉफी मागायला येतात, तेव्हा ती सांगते की रगडा गल्लीतल्या सुताराने दार अडवायला नेलाय.

यल्लव्वाचं काम करणारी तुझी मैत्रीण एका रविवारी आली नाही. तू मला म्हणालीस, "आई, नुसतं वाचून दाखवा." मी म्हटलं, "मला होत नाही," आणि स्वयंपाकघरात गेले. तिथून तुमचं वाचणं ऐकू येत होतं. तू यल्लव्वाचं वाक्य म्हणालीस, "आपला गैरसमज झालेला आहे, ते रक्त नाही." मला राहवेना. हुळीच्या आमटीचा डाव हातात तसाच धरून मी दारात आले आणि म्हणाले, "असं कोण बोलतं गं? ती म्हणेल, अय्यो, रक्त कुठलं की? काल हुळी सांडली, ती पुसायला होईना मला!" रघुनंदनचा माइक चालू होता. तू हसलीस. मी परत आत जायला वळले. पण तू लगेच वही पुढे ओढलीस आणि म्हणालीस, "थांबा थांबा, पुसायला काय? परत सांगा, मला लिहून घ्यायचंय." अनुषा, "परत सांगा" हेच शब्द मी पुण्यालाही ऐकले होते. तुझ्या तोंडून ते अगदी वेगळे लागले. तू ते शिकायला मागत होतीस. यल्लव्वा मग मीच झाले.

त्यानंतरच्या आपल्या रविवारच्या दुपारी! कोठीची खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लटकवलेल्या गोधड्या, माझ्या जुन्या इरकली, आणि मध्ये आपण तिघं घामाघूम. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत थांबायचं, मग देवळातली घंटा, मग नेमका भाजीवाला. मैसूरच्या एका बाईंनी लिहून पाठवलं होतं, "माझी आत्या अशीच बोलायची, ती गेल्यावर हा आवाज पहिल्यांदा ऐकला." तू ते मला वाचून दाखवलंस आणि पुढचं काम सुरू केलंस. मी मात्र तो मोबाइल नंतर दोनदा तुझ्याकडून मागून घेतला. तुला वाटलं, मी वेळ बघतेय.

आता अवघड भाग. रविकिरण हैदराबादला तीन महिन्यांच्या कामाला म्हणून गेला, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणखी एक गोधडी हवी म्हणून त्याचं कपाट उघडलं. गोधडी होती. त्याच्या सर्टिफिकेटांची फाइल नव्हती. ह्यांचं घड्याळ नव्हतं. हिवाळी कपडे, शाळेतली बक्षिसं, सगळं नेलेलं. तीन महिन्यांसाठी जाणारा माणूस पाचवीतलं वक्तृत्वाचं पदक घेऊन जात नाही. मी कपाट बंद केलं, बाहेर येऊन त्या दिवशीची वाक्यं म्हटली. तू त्या दिवशी मला म्हणालीस की आज आवाज छान लागलाय.

तुला सगळं ठाऊक आहे, हे मला दिसत होतं. त्याचा फोन आला की तू माझ्यासमोर मोठ्याने बोलायचीस, "हो, आई बऱ्या आहेत," आणि फोन ठेवला की नळ सोडून उभी राहायचीस. माझ्या बीपीच्या काळजीने तू गप्प होतीस. आणि मी गप्प होते ते माझ्या स्वार्थाने. हे एकदा मोठ्याने बोललं गेलं की तू बॅग भरशील, अशी मला भीती होती. मुलगा गेल्याचं दुःख होतंच, पण रविवार जातील याची धास्ती त्याहून मोठी होती. आईने असं लिहू नये. पण ते खरं आहे.

हे असं किती दिवस चाललं असतं देव जाणे, पण वरच्या मजल्यावरचे श्रीहरी मध्ये पडले. त्यांनी बेळगावात नोकरी केलेली, मराठी अर्धी कळते, आणि ती अर्धीच घात करते. त्या आठवड्यात यल्लव्वा पॉडकास्टवाल्यांची खोड मोडायला खोटा कबुलीजबाब देते असा प्रसंग होता, आणि तू तो रोज बदलत होतीस. सोमवारी मी बाल्कनीत पाठ करत होते, "होय, मीच त्याला विहिरीत ढकललं." मंगळवारी, "होय, मीच त्याच्या पायसात विष घातलं." बुधवारी सकाळी नऊला ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "कल्पनाअक्का, मी कुणाला सांगितलेलं नाही. पण मला खरं सांगा. रविकिरण कुठे आहे? दोन महिने मी त्याला बघितलं नाही."

तू हसत सुटलीस. मीही हसले. तू त्यांना आत बसवून कॉफी दिलीस, मोबाइलवर जुना भाग लावून दाखवलास. ते ऐकत गेले, ओळखीचा आवाज ओळखून हसले, कप खाली ठेवला, रुमालाने तोंड पुसलं आणि भाबडेपणाने म्हणाले, "सरी, सरी, बरोबर. नाटक आहे. पण मग रविकिरण कुठे आहे?"

तू तोंड उघडलंस, मला दिसलं की हैदराबादचं तेच वाक्य येतंय, आणि माझ्याने ते पुन्हा ऐकवेना. मी म्हणाले, "तो परत यायचा नाही, श्रीहरी. हिला सोडून गेलाय." बिचारे चप्पल उलटी घालून पळाले. तू माझ्याकडे वळलीस. "आई, तुम्हाला कधी कळलं?" मी म्हटलं, "सात आठवडे झाले. कुणी विचारलं कुठे मला?" आणि मग तू जी रडलीस! लग्नानंतर पहिल्यांदा तुझं डोकं माझ्या मांडीवर आलं ते असं. मी तुझ्या केसांना तेल लावत बसले. तू म्हणालीस, "आता मी जायला हवं ना?" मी म्हटलं, "बुधवारी कुणी जातं का? रविवारचं रेकॉर्डिंग कोण करणार?" वेड्यासारखं उत्तर होतं, पण तू थांबलीस.

त्या दुपारी मी रविकिरणला फोन केला. काय बोलले ते तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. मी त्याला म्हटलं, "तू माझा मुलगा आहेस, हा दरवाजा तुला बंद नाही. पण तू चुकलास. गेलास ते गेलास, तिला खोटं बोलायला माझ्यापाशी ठेवून गेलास, ते मला लागलं." तो म्हणाला, "आई, तू आधी इतकं कधी बोलली नाहीस." मी म्हटलं, "हल्ली बोलते." ते तुझ्यामुळे, अनुषा. नाहीतर मी कपाट बंद करून, आतल्या खोलीत बसून, सुनेचा पायगुण म्हणून मोकळी झाले असते. माझ्या जावांनी तेच सुचवलं होतं. सून कशाला ठेवून घेतलीस, लोक काय म्हणतील. मी त्यांना सांगितलं, लोक म्हणतील की पुढचा भाग कधी येणार.

त्यानंतर तू दीड वर्ष इथे राहिलीस. कोर्टाच्या तारखांना तू मला येऊ दिलं नाहीस, मी डबा मात्र दिला. निकालानंतर तू देवनहळ्ळीला घर घेतलंस, ऑफिस जवळ म्हणून. सामान चढवताना तू टेम्पोवाल्याशी कन्नडात भांडलीस, ते बघून माझी छाती फुगली. तरी तू दर रविवारी दोन बस बदलून येत राहिलीस. नातं कागदावर उरलेलं नसताना कुणी एवढं येत नाही. मी देवापुढे बसते तेव्हा हल्ली मागायचं फारसं सुचत नाही. मिळालेलंच मोजत बसते, आणि त्यात तुझं नाव पुष्कळदा येतं. तू मला माझी जीभ परत दिलीस. साठीला आलेल्या बाईला कुणी असं काही देतं का?

गेले चार रविवार तू आली नाहीस. एकदा डोकं दुखत होतं, एकदा पाहुणे, एकदा बस नव्हती, एकदा नुसतंच "जमत नाही". काल रघुनंदन हेडफोन न्यायला आला होता. त्याला कॉफी दिली, तर कप हातात धरून उभाच. शेवटी मीच विचारलं. लाल होऊन म्हणाला, "काकू, तिला तुम्हाला सांगायचंय आणि सांगता येत नाहीये." मग हळूहळू सगळं बोलला. तुमच्या दोघांच्या लग्नाची नोटीस रजिस्ट्रारकडे लावून तीन आठवडे झाले, पुढच्या महिन्यात नऊ तारीख ठरली आहे, आणि तू रोज पर्स उघडून पत्रिका बघतेस नि परत ठेवतेस, की ज्या घरची सून होते त्या घरी ही कशी द्यायची. मी त्याला म्हटलं, बस आधी. मग त्याला पोटभर जेवू घातलं. अगं वेडे, मला तुमच्याकडे बघून हे दिवाळीपासून दिसत होतं. जाताना तो बोलून गेला की सहीला तीन साक्षीदार लागतात, त्याचा भाऊ आहे, तुमची एक मैत्रीण आहे, तिसरं माणूस अजून ठरायचं आहे. तेवढ्यासाठी हे पत्र लिहायला बसले. तुझी आई असती तर ही सही तिने केली असती, ती नाही. तर तिसरी सही मी करणार. रजिस्ट्रारचं ऑफिस किती वाजता उघडतं, तेवढं कळव, आणि पत्रिका टपालाने पाठवू नकोस, हातात दे. मी आजच मोरपंखी इरकल इस्त्रीला टाकली आहे.

तुझीच,
आई