हरिद्वारच्या वहीतलं पान

ट्रॉय, मिशिगन
१२ मार्च २००६

प्रिय नेत्रा,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तुला नवल वाटेल. दिवाळीचं कार्डसुद्धा मी छापील पाठवतो आणि त्यावर सगळ्यांची नावं शुभाकाकूच लिहिते. माझं अक्षर तू कधी पाहिलंच नसशील. हे पत्र टाइप का केलं नाही, ते शेवटी सांगतो. इथे अजून बर्फ आहे. रिटायर झाल्यापासून ड्राइव्हवे साफ करायला मी दुपार करतो आणि काकू टोमणे मारते. तुमच्या हर्नडनला एव्हाना स्वेटर कपाटात गेले असतील.

जानेवारीत तुझी ईमेल आली, तेव्हा तू किती आनंदात होतीस! तुझा बाबा शेखर गेल्यावर तू आपल्या घराण्याचा शोध घ्यायला बसलीस. घराण्यांच्या पिढ्या लिहून ठेवणाऱ्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म युटातल्या चर्चच्या संग्रहात आहे, हे इंटरनेटवर शोधून काढलंस. तुमच्या जवळच्या त्यांच्या केंद्रात रिळं मागवलीस आणि चार शनिवार मशीनसमोर बसून आपलं पान मिळवलंस. सात पिढ्यांची नावं, तळाला १९७६ साल, तुझ्या आजोबांच्या अस्थी आणल्याची नोंद, आणि पुढे 'पुत्र गुरुनाथ'. बस, एवढंच. मोठेकाका, बाबांचं नाव का नाही, असं तू विचारलंस. मी दोन ओळींत उत्तर दिलं, की पंडा लिहायला विसरला असेल, त्या लोकांचं काही खरं नसतं.

गेल्या आठवड्यात तुझी दुसरी ईमेल आली. तू इंटरनेटवरच्या कुठल्या ग्रुपवर विचारलंस आणि तिथल्या जाणकारांनी सांगितलं, की असं नाव गाळलेलं असलं तर मुलगा बहुतेक दत्तक असतो किंवा नात्यातला सांभाळलेला. तुझ्या आईला, दीपाला, नागपूरला फोन केलास, तर तिला रडू आलं आणि तिने विषय बदलला. मग तू वेबसाइटवरच्या वंशवृक्षात शेखरच्या नावापुढे 'दत्तक' लिहून प्रश्नचिन्ह टाकलंस. मला लिहिलंस, 'जे असेल ते सांगा, आय कॅन हँडल इट.' मी ते काकूला वाचून दाखवलं. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "हरिद्वारला तुम्ही गेला होतात. मग पंड्याच्या माथी काय मारता?"

शेखर दत्तक नव्हता. तो जन्मला तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि दाईला बोलवायला मीच पळत गेलो होतो. मी इकडे आलो आणि वडिलांजवळ तो राहिला. शेवटची दोन वर्षं ते अंथरुणाला खिळले होते. त्यांना उचलणं, पुसणं, भरवणं सगळं त्याने केलं. मला तार मिळाली ती एक दिवस उशिरा. डेट्रॉइटहून निघून नागपूरला पोचलो, तर चौथा दिवस उजाडला होता. मे महिना होता. शेखरने माझ्यासाठी एक रात्र आणि एक दिवस थांबून पाहिलं होतं, बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी समजावलं आणि त्याने अग्नी दिला. थोरला मी, हक्क माझा, असं माझ्या डोक्यात बसलं. सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, "तुला फार घाई झाली होती." त्याचं काही चुकलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

अस्थी घेऊन मी हट्टाने एकटाच निघालो. तो स्टेशनवर आला. हातात पाण्याची छागल होती आणि खिशात एक चिठ्ठी. म्हणाला, "दादा, पंडा पिढ्या विचारेल. तुला आठवणार नाहीत, म्हणून लिहून दिल्यात." मी चिठ्ठी घेतली, पण त्याच्याकडे बघितलं नाही. नेत्रा, तुला सापडलेल्या सातही पिढ्या त्या चिठ्ठीतल्या आहेत. मला आजोबांच्या पलीकडे एक नाव ठाऊक नव्हतं.

पंड्याने विचारलं, "भाई कितने हैं?" मी म्हणालो, "कोई नहीं." त्याने वही माझ्याकडे सरकवली. घरच्यांनी आपल्या हाताने लिहायचं, अशी त्याच्याकडे रीत होती. चिठ्ठीत शेवटी आम्हा दोघांची नावं होती. मी माझं लिहिलं आणि चिठ्ठी गंगेत सोडून दिली.

परत आलो तेव्हा शेखरने एकच विचारलं, "सगळी नावं आली ना?" मी हो म्हणालो. त्याचा चेहरा खुलला. त्यानंतर एकोणतीस वर्षं दर दिवाळीला आम्ही फोनवर बोललो, तब्येती, मुलं, हवा. दर वेळी वाटायचं, आज सांगू. मग तो म्हणायचा, "दादा, ठेव आता, बिल चढतंय," आणि मला सुटल्यासारखं व्हायचं. गेल्या वर्षी त्याच्या जाण्याची बातमी आली, तेव्हाही मला आधी हरिद्वारच आठवलं.

पुढच्या महिन्यात त्याचं वर्षश्राद्ध. तेव्हा घरच्यांना वाटायला तू तो वंशवृक्ष छापून घेणार आहेस, म्हणून आज लिहायला बसलो. माझ्या शब्दावर आता विश्वास ठेवू नकोस. एकदा तुला खोटं सांगून झालंय. पानाची प्रिंट काढ आणि या पत्राशेजारी ठेव. माझा 'थ' खाली उघडा राहतो, शाळेत त्यासाठी मार खाल्लाय. तपासून बघ, आणि मग ते 'दत्तक' खोड. पंड्याने फक्त पेन दिलं होतं. खाली दोन्ही नावं लिहितो आहे, त्याच्या चिठ्ठीत होती त्याच क्रमाने.

अजून म्हणू देत असशील तर, तुझाच मोठेकाका,

गुरुनाथ
चंद्रशेखर