विमानाची पाठ

४ जून

आज विमानाची पाठ करवतीने कापून काढली. प्लास्टिकच्या मॉडेलचं नवंकोरं किट, डबा उघडून आठवडाही झाला नाही! कॉकपिटच्या मागचा भाग कंपनीने दोन मिलिमीटर ठेंगणा केलाय. खऱ्या जेटचे नकाशे आणि फोटो ताडून मी हे सिद्ध केलं. ही म्हणाली, दोन मिलिमीटर दिसणार कुणाला? म्हटलं, मला. या एका उत्तरावर मी अख्खा संसार रेटला आहे.

नवी पाठ माझा दोस्त बत्तीशी करणार. जन्मभर कवळ्या बनवल्या त्याने, म्हणून मी ठेवलेलं नाव. पुट्टी, कानस, पॉलिश पेपर — त्याच्या हाताला तोड नाही. आतलं बारीक काम माझं, आणि शेवटचा निकालही माझा. तीस वर्षांची वाटणी आहे: हात त्याचे, नजर माझी. शेवटी मी आराखडे काढणारा माणूस. कारखान्यात पट्टीच्या आधी माझ्या डोळ्याला विचारायचे. निदान मी तरी असं सांगतो. खोडून काढायला त्या ऑफिसातलं आता कुणी उरलं नाही.

गेल्या वर्षी मॉडेलांच्या प्रदर्शनात परीक्षक आमच्या विमानापुढे थांबले, 'छान' म्हणाले आणि पुढे गेले. छान! त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं. यंदा पाठ अशी झाली पाहिजे की त्यांना खाली वाकून बघावं लागेल.

९ जून

गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदातून वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे झकास निघतात. हिच्या रक्तदाबाच्या गोळ्या सोडवून वाटीत ठेवल्या. वाटी कुठे ठेवली ते आठवेना. रक्तदाब वाढला — दोघांचा.

१७ जून

इंजिनाला हवा नेणारा बोगदा. किटमध्ये तो बोटभर जाऊन भिंतीवर आपटतो. खऱ्या विमानात थेट इंजिनापर्यंत जातो. प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचा सबंध बोगदा वळवला, टोकाला इंजिनाचं चक्र, त्याची पाती एकेक कापून बसवली. विमान जोडलं की यातलं काहीही दिसणार नाही!

बत्तीशीला दाखवलं. आधी यथेच्छ नावं ठेवली त्याने, पाती जाड आहेत म्हणाला. मग म्हणाला, कवळीसुद्धा आतून गुळगुळीत करावी लागते, तिथे जीभ लागते. विमानात जीभ कुठे लागते, ते मी विचारलं नाही. बरं वाटलं ऐकून.

२४ जून

पाठ आली. विमानावर नुसती टेकवली. डावा डोळा मिटला, उजवा शेपटाशी लावला आणि रांगेत पाहिलं, सुतार फळीची धार बघतो तसं. बरोबर मधोमध उंचवटा!

बत्तीशीने पोलादी पट्टी काढून पाठीवर धरली. फटीतून उजेड दिसला नाही, म्हणजे सरळ, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, पट्टीला काय कळतं. घेऊन गेला बिचारा.

२९ जून

दुसऱ्यांदा आणली. उंचवटा जागच्या जागी.

३ जुलै

आज व्हायला नको ते झालं.

तिसऱ्यांदा पाठ आणली त्याने. मी डोळा लावला. उंचवटा आहेच, वर आणखी लांबलाय! तो म्हणाला, अरे, एकदा दोन्ही डोळ्यांनी बघ. मी म्हटलं, दोन डोळ्यांनी धार बघतात का कुणी? तो म्हणाला, मग डाव्याने बघ. आता हा मला बघायला शिकवणार! तोंडातून निघून गेलं, "तुझा हात गेला आता. कवळ्याच कर तू."

तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग पाठ रुमालात गुंडाळली, अर्धा चहा तसाच ठेवला आणि गेला.

ही आतून म्हणाली, "नाचता येईना..." आणि म्हण अर्धीच सोडली. त्याच्याबद्दल असावी.

८ जुलै

त्याचा फोन नाही. मीही केला नाही. चूक त्याची, फोन मी का करू?

चाकांच्या खोबणीतल्या तेलाच्या नळ्या टेलिफोनच्या जुन्या वायरीतून केल्या. इतक्या सुरेख झाल्यात की दाखवायला कुणीतरी हवं. हिला दाखवल्या. ती म्हणाली, छान. बत्तीशी असता तर अर्धा तास खोट काढत बसला असता, आणि मग गुपचूप फोटो काढून नेला असता.

प्रदर्शन हुकलं तर हुकू दे. तो कायमचा यायचा थांबला तर मी उरलेलं म्हातारपण भांडू कुणाशी? हे फक्त इथे लिहितो. तोंडाने म्हणणार नाही.

११ जुलै

आज सहज त्याच्या गल्लीतून गेलो. सहज म्हणजे चांगली दोन वळणं जास्त घेऊन. खिडकी उघडी होती. आतून कानशीची खरखर. म्हणजे काम चालू आहे! जिना चढावासा वाटला. छत्री विसरलो होतो असं निमित्तही सुचलं, पण छत्री हातातच होती. परत आलो.

१४ जुलै

बत्तीशीची बायको दारातूनच डबा देऊन गेली. बसा म्हटलं तर बसली नाही. आत कापसावर पाठ. निरोप काही नाही.

टेकवली. उजवा डोळा लावला — सरळ! दोरी ताणावी तशी! मी घरभर ओरडत फिरलो, "बघ, झाली की नाही सरळ? म्हणत होतो ना मी!" ही माझ्याकडे एकदा बघून फोन घेऊन गॅलरीत गेली. माझ्या आनंदात सामील होणं हिच्या कुंडलीतच नाही.

लगेच पाठ चिकटवून टाकली. बत्तीशीला फोन करावा असं फार वाटलं. पण ठरवलं, आधी त्याने करावा, मान्य करावं, मग मी मोठ्या मनाने विसरून जाईन. हात गेला नाही त्याचा. सांगणारा कुणीतरी लागतो, एवढंच.

१५ जुलै

हिने उद्याची डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. मला न विचारता! चष्मा जुना झाला म्हणे. उद्या प्रायमर मारायचा होता.

१६ जुलै

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी माझा डावा डोळा झाकायला लावला आणि चौकटी छापलेला कागद समोर धरला, मध्ये ठिपका. ठिपक्याजवळच्या रेषा वर फुगलेल्या. मी म्हटलं, बाई, छपाई सदोष आहे, बदलून घ्या. जन्मभर रेषाच ओढल्यात, मला कळतं. ही शरमेने खाली बघायला लागली. बाई शांतपणे म्हणाल्या, आता उजवा झाका.

तोच कागद. सगळ्या रेषा सरळ.

मी गप्प झालो. मी गप्प झालेला हिने फारसा पाहिलेला नाही, म्हणून तिने माझा हात धरला.

उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे पाणी झिरपतंय. दोन्ही डोळे उघडे असले की डावा सावरून घेतो, म्हणून इतके दिवस पत्ता लागला नाही. धार बघताना मात्र मी डावा मिटतो. उंचवटा माझ्या डोळ्यात होता. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, दर महिन्याला. डोळ्यात! आणखी थांबला असतात तर मधली नजर गेली असती, आता बहुतेक वाचेल, असं बाई म्हणाल्या. 'बहुतेक' जरा हळू म्हणाल्या. मला भीती वाटते आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाची म्हण मी आयुष्यभर लोकांना ऐकवली!

त्याला म्हणालो, हात गेला.

१८ जुलै

टोचलं. सांगतात तेवढं दुखत नाही. सांगतात त्याहून घाबरायला होतं.

१९ जुलै

उजवा डोळा झाकून विमानासमोर बसलो. डाव्याने पाठ पाहिली. सरळ कसली! मधोमध खड्डा, झोळ आलेल्या खाटेसारखा. पट्टी धरली तर खालून उजेडच उजेड. कवळीत केसाएवढा फरक न खपवणारा माणूस, आणि त्याने ही अशी घासली?

हिला विचारलं. डबा यायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता म्हणाली. "वहिनी, पाठ मुद्दाम वाकडी करून पाठवतोय. हा तिला सरळ म्हणाला, तर थांबू नका, डोळे दाखवा त्याचे. माझं नाव सांगू नका, नाहीतर जायचा नाही."

आणि मी वाट बघत होतो, तो माफी कधी मागतो याची.