यू बाई कोणाकडे राहतील

मी, हो यी-रोंग, वय चौतीस, राहणार कुआनशान, जिल्हा तायतुंग, भूकंपमापक यंत्रे तपासण्याचे काम करते. माझी बुद्धी शाबूत आहे. डोक्यातली गाठ अजून त्या भागापर्यंत पोचलेली नाही, असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. सोमवारी ती काढायची आहे. मी वाचेन का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "आधी कागदपत्रं उरकून घ्या." म्हणून हे मृत्युपत्र. दबाव कोणाचा नाही, अक्षर माझे आहे.

कलम एक. माझी सर्व हत्यारे कार्यालयाला द्यावीत. बारीक पेचकस सहकारी लु वेन-पिन यांनी नेला तो परत आणलेला नाही. तोही त्यांच्याकडून घ्यावा.

कलम दोन. बँकेत जे असेल ते यू चिन-मेइ बाईंच्या औषधपाण्यासाठी.

कलम तीन. माझे राहते घर, जी व्यक्ती यू बाईंना त्यांच्या अखेरपर्यंत याच घरात सांभाळेल तिला मिळावे. त्या व्यक्तीचे नाव: ____________

जागा कोरी का, ते लिहिते. मला सांभाळणारे आजोबा गेले तेव्हा मी चौथीत होते. आईने येते म्हणून कळवले आणि ती आली नाही. यू बाई आमच्या वर्गशिक्षिका. शाळा सुटल्यावर म्हणाल्या, "दप्तर उचल. उकडलेली रताळी आवडतात का गं?" मी नाही म्हटले. "मग आवडून घे. घरी तेवढंच आहे." त्या घरातून मी बाहेर पडले ती थेट इंजिनिअरिंगला.

पाचवीत असताना वर्ग चालू असतानाच जोराचा भूकंप झाला. आम्ही बाकांखाली शिरलो. बाई दार उघडे धरून उभ्या राहिल्या, कारण चौकट वाकली की दार अडकते. नंतर मी विचारले, "बाई, किती सेकंद हललं?"

"मला काय ठाऊक! मी तुमची डोकी मोजत होते."

सेकंद मोजायचे काम मग मी घेतले.

आता बाई माझ्याकडे असतात, आणि शाळा चालूच आहे असे त्यांना वाटते. सकाळी कोणीतरी वर्गप्रमुखासारखे "उभे राहा! नमस्कार करा!" असे ओरडावे लागते. मग त्या "बसा" म्हणतात आणि त्यानंतरच घास घेतात. मी कामावर जाते म्हणून मदतनीस ठेवली होती. तिने मायेनेच सांगितले, "आजी, शाळा केव्हाच सुटली." बाई कोट चढवून मुले शोधायला निघाल्या. रेल्वेच्या रुळांजवळ सापडल्या, अनवाणी.

वृद्धाश्रमातही ठेवून पाहिले. तिथे वर्ग उभा राहत नाही. बाई पाण्यालाही शिवल्या नाहीत. "अशी नाटकं करायला आमच्याकडे माणसं नाहीत," असे तिथल्या प्रमुख म्हणाल्या. त्या खोटे बोलत नव्हत्या.

कायद्याने घर देता येते, माणूस देता येत नाही. मी अट लिहू शकते, ती पाळली जाते का हे पाहायला मी नसेन. देवळात जाणाऱ्यांतली मी नाही. तरी गेले, गुडघे टेकले, बाईंना सांभाळणारे कोणी मिळेल का म्हणून कौल लावला. दर वेळी नकारच आला.

कलम चार. वर्गमित्र श्यू चिया-हाव याला काही देऊ नये. दर शिक्षकदिनी तो पपनस घेऊन येतो आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतो. बाईंना सांभाळशील का, असे त्याला विचारले तर म्हणाला, "अगं, वृद्धाश्रम हल्ली झकास असतात. बाग असते."

"तू पाहिलास?"

"फोटो पाहिलेत ना."

बाकीच्या वर्गानेही फोनवर हात जोडलेली चित्रे पाठवली.

कलम पाच. हे कलम आज, सह्यांच्या वेळी वाढवले आहे. नोटरी आणि दोन साक्षीदार जेवणाच्या टेबलाशी बसले होते. एक लु. दुसरी फान शू-चेन, खालच्या नाश्त्याच्या दुकानाची मालकीण. ही आमच्याच वर्गातली. बाईंची छडी सर्वांत जास्त हिने खाल्ली. आमचे दोघींचे कधी जमले नाही. तिला बोलावले ते जवळ राहते म्हणून.

मी मजकूर वाचून दाखवत असताना दुपार झाली. शाळेत या वेळी बाकावर डोके टेकून झोपायचा तास असे. बाईंनी दिवा बंद केला. "सगळ्यांनी डोकी खाली. झोपा." नोटरी माझ्याकडे पाहू लागले. शू-चेनने मात्र लगेच हातांवर डोके टेकले.

"बाई, यी-रोंगचे डोळे उघडे आहेत!"

"चहाडखोर," बाई म्हणाल्या, आणि माझे डोके हाताने खाली दाबले.

टेबलावर गाल टेकवूनच शू-चेनने विचारले, "कलम तीन कोरं का?"

"कोणी मिळालं नाही."

"मला विचारलंस?"

"तुझं दुकान आहे."

"मग? सकाळी बाईंना दुकानात बसवीन. उभं राहायला गिऱ्हाइकं आहेतच. नाही राहिली तर अंड्याची पोळी मिळणार नाही."

"आयुष्यभराचं आहे हे, शू-चेन. गंमत नाही."

"छड्या तू खाल्ल्यास की मी? मला शिकवू नकोस."

नोटरी डोके न उचलता म्हणाले, "ज्यांना घर मिळणार, त्यांना साक्षीदार होता येत नाही."

"मग खोडा माझं नाव," ती म्हणाली. "हळू बोला. बाई बघतायत."

ठिकाण: कुआनशान. प्रजासत्ताक वर्ष ११४ (इ.स. २०२५), २१ नोव्हेंबर, शुक्रवार.

साक्षीदार १: लु वेन-पिन (सही)
साक्षीदार २: ~~फान शू-चेन~~ चुंग ता-वेइ, नोटरींना घेऊन आलेले टॅक्सीचालक (सही)

दुरुस्ती: साक्षीदारांतून एक नाव खोडले. तेच नाव कलम तीनच्या कोऱ्या जागेत लिहिले. खोडणारी आणि लिहिणारी मीच.

हो यी-रोंग (सही व शिक्का)