पान बरोबरच उलटलं होतं

छोटे,

आज वर्गात एक विद्यार्थिनी पियानो वाजवताना अडखळली आणि पानं उलटणाऱ्या मैत्रिणीवर खेकसली, "दोन पानं एकदम उलटलीस!" मी म्हटलं, "पान बरोबर आहे. चूक तुझ्या हातांची." म्हणताना तू आठवलीस.

माझ्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमात पानं उलटायला तू शेजारी होतीस आणि मी मधेच थांबले, ते आठवतं? विंगेत येताच सगळ्यांदेखत मी तुझ्यावर खापर फोडलं. तू म्हणालीस, "हो ताई, माझंच चुकलं." माझं नाव राखलं गेलं. त्या नावावर मी तीस वर्षं कार्यक्रम केले, शिकवलं, मिरवलं. तू मात्र माझ्या शेजारच्या स्टुलावर परत कधी बसली नाहीस, आणि घरी सगळे तुला 'वेंधळी' म्हणत राहिले. मीसुद्धा.

पान तू बरोबरच उलटलं होतंस. माझी बोटं घसरली होती.

हेच कळवायला बसले होते, पण आता हात अडलाय. स्वरलिपी तुला माझ्याइतकीच वाचता यायची. म्हणजे तुला तेव्हाच सगळं माहीत होतं.

मग कळवायचं उरलंच काय? माफी तेवढी. ती काही पोस्टात टाकवत नाही.

तुझी,
वेंधळी ताई